कर्करोगाचें संशोधन व लोकाश्रय

विद्या आणि कला यांना राजाश्रय लाभला म्हणजे त्या बहरतात, असें आपण इतिहासांत वाचतों. परंतु गेल्या शतकांत एक विद्या अशी पुढें आली कीं, तिच्या पोषणास राजाबरोबर रंकानेंहि आणि निरोग्याबरोबर रोग्यानेंहि हातभार लावला. ती विद्या म्हणजे कर्करोगाचें संशोधन होय. ज्यांनीं या रोगाच्या यातना स्वतः भोगल्या, किंवा ज्यांचा आप्त या रोगानें ओढून नेला, अशा लोकांनीं आपलें दुःख कवटाळून न बसतां तें जगापुढें मांडलें, पै पै जमविली, सरकारचे दरवाजे ठोठावले, आणि संशोधकांच्या हातीं साधनें दिलीं. हें कसें घडलें, त्यांत काय साधलें व काय साधलें नाहीं, हें विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना थोडक्यांत सांगावें, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. आपलें शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. जुन्या पेशी मरतात, त्यांच्या जागीं नव्या येतात, आणि ही घडामोड एका ठराविक शिस्तीनें चालते. पेशीच्या अंतर्भागांत, जेथें तिच्या वाढीचे नियम जणुं लिहून ठेवलेले असतात तेथें, बिघाड झाला म्हणजे ही शिस्त मोडते. अशी पेशी थांबावयाचें विसरते आणि आपल्याच जातीच्या उच्छृंखल पेशी वाढवीत सुटते. त्यांची गांठ बनते. पुढें त्या गांठींतील कांहीं पेशी रक्ताच्या प्रवाहाबरोबर दूर जातात व फुप्फुस, यकृत, हाडें अशा ठिकाणीं नवें ठाणें मांडतात. रक्ताच्या कर्करोगांत तर बहुधा गांठहि दिसत नाहीं. सारें रक्तच नासतें. प्राचीन ग्रीक वैद्यांनीं या रोगास खेंकड्याचें नांव दिलें, व आपला 'कर्क' हा शब्दहि त्याच प्राण्याचा वाचक आहे. गांठीभोंवतीं फुगलेल्या शिरा खेंकड्याच्या पायांसारख्या दिसतात, यावरून हें नांव पडलें असें सांगतात.

दोन गोष्टी येथेंच ध्यानांत धराव्या. पहिली ही कीं, हा रोग स्पर्शानें, एकत्र जेवल्यानें किंवा रोग्याची शुश्रूषा केल्यानें दुसऱ्यास होत नाहीं. तथापि त्याचें नांव घेण्यासहि लोक भितात, घरांतला रोग शेजाऱ्यांपासून लपवितात, आणि या लपवालपवींत उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. दुसरी गोष्ट ही कीं, कर्करोग हा एकच रोग नसून शंभराहून अधिक रोगांचें कुळ आहे. म्हणून एकच रामबाण औषध शोधून काढावें व तें सर्वांना द्यावें, असें होऊं शकत नाहीं.

प्रत्येक जातीचा स्वभाव निराळा, म्हणून तिचा शोधहि निराळा. प्रयोगशाळेंत एखादें द्रव्य आशादायक वाटलें तरी तें आधीं पेशींवर, मग प्राण्यांवर, आणि शेवटीं रोग्यांच्या संमतीनें रोग्यांवर पारखून पाहावें लागतें. रोग्यांचे दोन गट करून एकास जुना उपचार व दुसऱ्यास नवा देतात आणि वर्षानुवर्षें दोहोंची तुलना करितात. बहुतेक द्रव्यें या कसोटीस उतरत नाहींत. ज्या व्यापाऱ्यास वर्षअखेर नफा हवा, तो अशा अनिश्चित कामांत सहसा पैसा घालीत नाहीं. सरकारच्या तिजोरीवर तर शंभर मागण्यांचा ताण असतो. अशा वेळीं जो पैसा कोणाच्याहि नफ्यासाठीं आलेला नसतो, तो फार मोलाचा ठरतो. एखाद्या नवख्या संशोधकाची धाडसी कल्पना, जिला मोठ्या संस्था अद्याप हात लावावयास तयार नसतात, ती अशा पैशावर उभी राहते. या पैशाचें महत्त्व त्याच्या रकमेंत जितकें आहे, तितकेंच तो कोणत्या वेळीं व कोणत्या मनानें आला यांतहि आहे.

या लोकाश्रयाचें अत्यंत ठसठशीत उदाहरण कॅनडा देशांतील टेरी फॉक्स या तरुणाचें आहे. त्याचा जन्म २८ जुलै १९५८ रोजीं विनिपेग शहरीं झाला, व तो ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील पोर्ट कोक्विटलम या गांवीं वाढला. शाळेंत असतांना तो ठेंगणा होता, तरी बास्केटबॉलच्या खेळांत केवळ हट्टानें पुढें आला. १९७७ च्या मार्च महिन्यांत, वयाच्या १८ व्या वर्षीं, त्याच्या उजव्या गुडघ्यांत हाडाचा कर्करोग असल्याचें उघडकीस आलें. डॉक्टरांनीं गुडघ्याच्या वर सुमारें १५ सेंटिमीटरवर त्याचा पाय कापून टाकिला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं त्याच्या खेळाच्या शिक्षकानें त्याला एक मासिक आणून दिलें. एक पाय गमावलेल्या एका गृहस्थानें न्यूयॉर्कची मॅरेथॉन शर्यत पुरी केल्याची हकीकत त्यांत होती. ती वाचतां वाचतां या मुलाच्या मनांत एक बीज पडलें.

पुढील १६ महिने त्याला जालीम औषधें घ्यावीं लागलीं. उपचारांसाठीं व्हँकूव्हर येथें जात असतां त्यानें आपल्याबरोबरचे रोगी तळमळतांना व एकेक करून नाहींसे होतांना पाहिले. त्याच काळांत त्याला आणखी एक गोष्ट कळली. त्याची जगण्याची आशा शेंकडा ५० आहे, असें डॉक्टर सांगत होते. परंतु अवघ्या दोन वर्षांपूर्वीं ती शेंकडा १५ च असती. मधल्या काळांत टेरी कांहीं अधिक बळकट झाला नव्हता. बदललें होतें तें वैद्यकाचें ज्ञान. आपलें आयुष्य संशोधनानें आपणांस दिलेलें आहे, तेव्हां मागें राहिलेल्यांसाठीं आपणहि कांहीं केलें पाहिजे, हें त्याच्या मनानें घेतलें. १५ ऑक्टोबर १९७९ रोजीं त्यानें कॅनडाच्या कर्करोग संस्थेस पत्र लिहून कळविलें कीं, मी देशाच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत धांवणार आहें व संशोधनासाठीं पैसा जमविणार आहें. हें दुःख कोठें तरी थांबलें पाहिजे, असा त्या पत्राचा आशय होता.

१२ एप्रिल १९८० रोजीं न्यूफाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स या बंदरीं त्यानें आपला कृत्रिम पाय अटलांटिक महासागराच्या पाण्यांत बुडविला, त्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून घेतल्या, आणि धांवावयास सुरुवात केली. एक बाटली आठवण म्हणून ठेवावयाची व दुसरी देशाच्या पश्चिम टोंकास पॅसिफिक महासागरांत रिती करावयाची, असा त्याचा संकल्प होता. बरोबर एक गाडी व ती हांकणारा एक मित्र, एवढाच लवाजमा. कांहीं आठवड्यांनीं त्याचा धाकटा भाऊ येऊन मिळाला. टेरी रोज सुमारें ४२ किलोमीटर, म्हणजे रोज एक पुरी मॅरेथॉन, धांवत असे. त्याचा कृत्रिम पाय आजच्यासारखा हलका व लवचिक नव्हता. एक पाऊल त्या पायावर व दोन उड्या चांगल्या पायावर, अशी त्याची चाल होती. कापलेल्या भागास जखमा होत व त्यांतून रक्त येई. आरंभीं बर्फ, वारा व पाऊस यांनीं त्याला झोडपलें. कांहीं गांवांत त्याच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नाहीं. पण न्यूफाउंडलंडमधील पोर्ट ओ बास्क या गांवानें त्याचा उत्साह वाढविला. सुमारें १०,००० वस्तीच्या त्या गांवानें १०,००० डॉलरांहून अधिक रक्कम त्याच्या हातीं दिली, म्हणजे माणशीं एक डॉलर. त्यावरूनच पुढें त्याची मागणी ठरली: कॅनडाची लोकसंख्या २ कोटी ४० लाख, तेव्हां प्रत्येकीं एक डॉलर, म्हणजे २ कोटी ४० लाख डॉलर.

या हिशेबांतील शहाणपण ध्यानांत घेण्याजोगें आहे. एकाच धनिकाकडून मोठी देणगी मिळविणें पुष्कळदां सोपें असतें. पण जेव्हां घरटी एक माणूस एक डॉलर देतो, तेव्हां त्या घरांत त्या रोगाचें नांव निघतें, त्याची भीति कमी होते, आणि तें कार्य सर्वांचें होतें. धनिकहि मागें राहिले नाहींत. इसडोर शार्प या हॉटेलमालकाचा तरुण मुलगा १९७८ मध्यें कर्करोगानेंच वारला होता. त्यानें टेरीच्या प्रत्येक मैलामागें दोन डॉलर देण्याचें वचन दिलें, व तसेंच वचन आणखी ९९९ कंपन्यांनीं द्यावें म्हणून आवाहन केलें. टेरी टोरांटो शहरीं पोहोंचला तेव्हां तेथील चौकांत सुमारें १०,००० लोक जमले होते, व त्या एका दिवसांत एक लाख डॉलर गोळा झाले. असें असूनहि त्यानें स्वतःसाठीं एक छदामहि घेतला नाहीं, आणि आपल्या नांवाचा कोणी जाहिरातीसाठीं उपयोग करूं पाहिल्यास त्यास साफ नकार दिला. आँटेरिओ प्रांतांत १० वर्षांचा एक मुलगा त्याला भेटला. त्याचाहि पाय याच रोगानें गेला होता. तो मुलगा सायकलीवर बसून टेरीच्या मागोमाग कांहीं मैल आला. साऱ्या प्रवासांत आपल्याला सर्वांत अधिक बळ त्या मुलानें दिलें, असें टेरी म्हणत असे.

१ सप्टेंबर १९८० रोजीं थंडर बे या शहराजवळ त्याला खोकल्याची उबळ आली व छातींत असह्य कळ उठली. रस्त्याच्या कडेला लोक त्याला उत्तेजन देत उभे होते, म्हणून ते मागें पडेपर्यंत तो धांवत राहिला. मग गाडींत बसून त्यानें रुग्णालयाची वाट धरली. कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. १४३ दिवसांत त्यानें ५,३७३ किलोमीटर अंतर तोडलें होतें. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंतच्या वाटेहून हें अंतर बरेंच अधिक आहे. त्या दिवशीं पदरीं पडलेला निधि होता १७ लाख डॉलर. पण जें धांवून झालें नव्हतें, तें थांबल्यानें झालें. आठवड्याच्या आंत दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम होऊन एका संध्याकाळीं १ कोटी ५ लाख डॉलर जमले, आणि १९८१ च्या फेब्रुवारींत २ कोटी ४० लाखांचा आंकडा ओलांडला गेला. प्रत्येक देशबांधवामागें एक डॉलर जमलेला टेरीनें जिवंतपणीं पाहिला. २८ जून १९८१ रोजीं, तेविसावा वाढदिवस एका महिन्यावर असतां, त्याचें देहावसान झालें, व सबंध कॅनडांत राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरविण्यांत आले. दुसरी बाटली रितीच करावयाची राहिली.

त्याच वर्षीं १३ सप्टेंबरला त्याच्या नांवानें पहिली धांव झाली. तींत तीन लाखांहून अधिक माणसें सामील झालीं व ३५ लाख डॉलर जमले. तेव्हांपासून ही धांव दरवर्षीं अनेक देशांत होते. मुंबईंतहि ती भरविण्यांत आली आहे. तींत पहिला, दुसरा असा क्रम नाहीं व बक्षीसहि नाहीं. म्हातारे काठी टेंकीत येतात, आया मुलांना गाडींत घालून आणतात. आजवर या नांवानें ८५ कोटी डॉलरांहून अधिक निधि जमला आहे, आणि त्यांतून चालणारी टेरी फॉक्स संशोधन संस्था २००७ मध्यें स्थापन झाली. ज्या रोगानें टेरीचा पाय गेला, त्याच रोगाच्या बहुतेक रोग्यांचा पाय आज न कापतां वांचवितां येतो. रोग पसरण्यापूर्वीं सांपडला तर निम्म्याहून बरेच अधिक रोगी जगतात. हें सारें श्रेय एकट्या टेरीच्या निधीचें नव्हे. अनेक देशांतील अनेकांच्या श्रमांनीं तें घडलें. पण त्या श्रमांत त्या एक एक डॉलराचा वांटा आहे, हें निश्चित.

टेरीच्या आधीं ३२ वर्षें अमेरिकेंतील बोस्टन शहरीं असाच एक प्रकार घडला, व त्याचा आपल्या देशाशीं धागा जुळतो. तेथील मुलांच्या रुग्णालयांत सिडनी फार्बर नांवाचे डॉक्टर होते. रक्ताच्या कर्करोगानें मुलें त्यांच्या डोळ्यांदेखत कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत मरत, आणि वैद्यांपाशीं उपाय असा नव्हताच. रोगट पेशींना वाढीसाठीं लागणाऱ्या एका जीवनसत्त्वासारखें दिसणारें, पण तिचें कार्य अडविणारें द्रव्य दिलें तर त्या पेशी उपाशी मरतील, अशी कल्पना फार्बर यांना सुचली. तें द्रव्य ज्या प्रयोगशाळेंतून त्यांना मिळालें, तिचे प्रमुख होते आंध्र प्रांतांतील भीमवरम् येथें १८९५ मध्यें जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ मध्यें फार्बर यांनीं प्रसिद्ध केलें कीं, अत्यवस्थ अशा १६ मुलांपैकीं १० जणांना या औषधानें स्पष्ट उतार पडला. तो उतार तात्पुरता होता; रोग पुन्हां उलटला. तथापि रक्ताचा कर्करोग औषधानें मागें हटूं शकतो, हें जगानें प्रथमच पाहिलें. याच जातीचें मेथोट्रेक्सेट हें औषध आजहि वापरांत आहे. सुब्बाराव मात्र त्याच वर्षीं निवर्तले; आपल्या कामाचें पुढचें फळ त्यांना पाहावयास मिळालें नाहीं.

फार्बर यांच्यापाशीं बुद्धि होती, पण पैसा नव्हता. तेव्हां एका परोपकारी मंडळानें युक्ति योजिली. २२ मे १९४८ रोजीं रेडिओच्या एका लोकप्रिय कार्यक्रमांत रुग्णालयांतील १२ वर्षांच्या एका मुलाचें बोलणें ऐकविण्यांत आलें. त्याचें खरें नांव गुप्त राखून त्याला 'जिमी' म्हटलें गेलें. बोलतां बोलतां त्याच्या आवडीच्या बेसबॉल संघांतील खेळाडू एकेक करून त्याच्या खाटेपाशीं येऊन उभे राहिले. खेळ पाहण्यासाठीं जिमीला दूरचित्रवाणीचा संच मिळावा व त्याच्यासारख्या मुलांसाठीं संशोधनास पैसा मिळावा, अशी श्रोत्यांना विनंति करण्यांत आली. दोन लाख ३१ हजार डॉलर जमले. जिमीला संचहि मिळाला. लोक पुढें समजत राहिले कीं तो मुलगा वारला असेल. परंतु ५० वर्षांनीं, १९९८ मध्यें, आयनार गुस्टाफसन नांवाचे ट्रकचालक गृहस्थ जगापुढें आले. तेच जिमी होते. ज्यांनीं १९४८ मध्यें नाणीं दिलीं, त्यांतील कित्येक तोंवर हयातहि नसतील, पण त्यांचें दान फळास आलेलें होतें. त्या काळीं रक्ताच्या कर्करोगाचें मूल वांचलें असें ऐकिवांत नसे. आज संपन्न देशांत मुलांना सामान्यतः होणाऱ्या त्या प्रकारांतून दहांपैकीं सुमारें नऊ मुलें बरीं होतात.

दान जमविणें हा लोकाश्रयाचा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग सरकारला जागें करण्याचा. मेरी लास्कर या अमेरिकन बाईंनीं तो चोखाळला. त्यांनीं तेथील जुन्या कर्करोग संस्थेची पुनर्घटना घडवून आणिली व जमणाऱ्या निधींतील ठराविक हिस्सा संशोधनास द्यावयास लाविला. १९६९ च्या डिसेंबरांत त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोठ्या वृत्तपत्रांत राष्ट्राध्यक्षांस उद्देशून पानभर आवाहन छापिलें. लोकांनीं आपल्या प्रतिनिधींना पत्रांनीं बेजार केलें. आणि २३ डिसेंबर १९७१ रोजीं राष्ट्रीय कर्करोग कायदा होऊन सरकारी पैशाचा ओघ सुरू झाला. येथें एक सावधगिरीची गोष्टहि सांगितली पाहिजे. त्या वेळीं उत्साहाच्या भरांत कांहींनीं अशी आशा दाखविली कीं, १९७६ पर्यंत कर्करोग नाहींसा होईल. तसें झालें नाहीं. पेशीचें गूढच अद्याप उकललेलें नव्हतें, मग औषध कोठून सांपडणार? लोकांचा पैसा मागतांना लोकांना खोटी मुदत देऊं नये, हा धडा त्यांतून मिळाला.

तिसरा मार्ग याहून धीटपणाचा होता. रोग्यांनीं केवळ पैसे जमवून स्वस्थ न बसतां, 'आमच्यावर काय उपचार करावे, कशाचा शोध घ्यावा, हें ठरवितांना आम्हांसहि विचारा', असें म्हणावयास सुरुवात केली. १९७४ मध्यें रोझ कुशनर या पत्रकार बाईंना स्तनाचा कर्करोग झाला. त्या काळीं स्त्रीस भूल देऊन गांठ तपासीत, आणि ती कर्करोगाची निघाल्यास त्याच वेळीं सबंध स्तन काढून टाकीत. शुद्धीवर येईपर्यंत त्या स्त्रीस आपलें काय झालें याची कल्पनाहि नसे. कुशनरबाईंनीं या पद्धतीस जाहीर विरोध केला, ग्रंथ वाचले, तज्ज्ञांशीं वाद घातला. १९७९ मध्यें तज्ज्ञांच्या एका सभेनें तपासणी व शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या पायऱ्या असाव्या, असा अभिप्राय दिला; त्या सभेंत बाईंनाहि स्थान होतें. पुढें १९९२ मध्यें स्त्रियांच्या संघटित मागणीमुळें अमेरिकन सरकारनें स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठीं २१ कोटी डॉलर वेगळे काढले. त्या निधीचे अर्ज पारखावयास शास्त्रज्ञांच्या पंक्तीस रोगमुक्त स्त्रियाहि बसूं लागल्या, व ती प्रथा रूढ झाली.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आपल्याकडेहि या कार्याचा उगम एका घरच्या दुःखांतच आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्यें रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. दुसऱ्याच वर्षीं सर दोराबजींनीं त्यांच्या स्मरणार्थ निधि स्थापून जगांतील कोणत्याहि देशच्या संशोधकास या रोगाच्या शोधासाठीं साहाय्य मिळेल अशी तजवीज केली, व त्याच वर्षीं तेहि निवर्तले. त्यांच्या नांवच्या विश्वस्त निधींतून परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उभें राहून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. १९५१ मध्यें डॉक्टर जसावाला व नवल टाटा यांनीं इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापिली. तिच्या विद्यमानें १९६३ पासून मुंबईंत कर्करोग्यांची नोंदवही ठेवण्यास आरंभ झाला. नोंदवही ही वरवर कारकुनी वाटणारी बाब आहे. पण कोणत्या वस्तींत कोणता रोग किती, हें कळल्यावांचून संशोधनास दिशाच मिळत नाहीं.

दान नेहमीं पैशाचेंच असतें असें नाहीं, हेंहि मुंबईनेंच दाखविलें. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठीं परदेशीं जी तपासणी करितात, ती गोरगरिबांस परवडणारी नव्हती. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं १९९८ पासून एक साधी रीत पारखली. शिरक्यांतील आम्ल पातळ करून लाविलें असतां बिघडलेला भाग पांढरा दिसतो. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलीसहि थोड्या शिक्षणानें तो ओळखतां येतो. झोपडवस्त्यांतील सुमारें दीड लाख स्त्रिया या अभ्यासांत सामील झाल्या. २०१३ मध्यें निकाल जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटांत या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं कमी होते. या अभ्यासावर वादहि झाला, कारण तुलनेसाठीं ठेविलेल्या निम्म्या स्त्रियांना ही तपासणी त्या काळांत मिळाली नव्हती. त्यांना केवळ रोगाची माहिती देण्यांत आली होती. वाद गैरवाजवी म्हणतां येणार नाहीं. पण ज्यांच्यापाशीं द्यावयास पैसा नव्हता, अशा स्त्रियांनीं आपला वेळ व विश्वास दिला, आणि त्यांतून निघालेलें ज्ञान आतां जगांतील सर्व गरीब स्त्रियांच्या उपयोगाचें आहे. त्यांचीं नांवें कोणत्याहि फलकावर कोरलेलीं नाहींत; म्हणून त्यांचें ऋण लहान ठरत नाहीं.

रोग्यांनीं स्वतः आवाज उठविल्याचें उदाहरणहि आपल्याकडे आहे. भारतांतील पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो, व त्याचें प्रमुख कारण तंबाखू, गुटखा व सुपारी हें आहे. ज्यांचे जबडे या व्यसनापायीं कापले गेले, ज्यांना नीट बोलतांहि येत नव्हतें, असे रोगी डॉक्टरांबरोबर मंत्र्यांच्या भेटीस गेले. त्यांचा विद्रूप चेहरा हेंच त्यांचें निवेदन होतें. २०१२ च्या जुलै महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें गुटख्याच्या विक्रीवर बंदी घातली. बंदी झाली म्हणजे व्यसन संपलें असें नव्हे. शाळेच्या कुंपणाबाहेर पुडी मिळते कीं नाहीं, याचें उत्तर पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक असेल.

या सर्व हकीकतींचें तात्पर्य काय? भारतांत २०२२ या एका वर्षांत सुमारें १४ लाख लोकांना नव्यानें कर्करोग झाल्याचा अंदाज आहे. तेव्हां हा प्रश्न परक्याच्या घरचा राहिलेला नाहीं. विद्यार्थिमित्रांनीं एवढें तरी करावें. रोगाचें नांव मोकळेपणानें घ्यावें, आणि घरीं कोणास न भरणारी जखम, वाढती गांठ वा अकारण रक्तस्राव दिसल्यास लाज न धरतां डॉक्टरकडे नेण्याचा आग्रह धरावा. तंबाखूस स्पर्श करूं नये. वर्गांत रोगमुक्त मूल आलें तर त्यास निराळें बसवूं नये. त्याला दया नको असते, खेळावयास सोबती हवा असतो. आणि शक्य तेव्हां अल्पस्वल्प दान द्यावें. मात्र देतांना हा पैसा कोणत्या कामास लागणार आणि त्याचा हिशेब कोठें पाहावयास मिळेल, हें विचारण्यास संकोचूं नये. जी संस्था हिशेब दाखविते व खोटीं वचनें देत नाहीं, तिलाच लोकाश्रयाचा अधिकार आहे. पालकांनींहि मुलांच्या या प्रश्नांना उत्तरें द्यावीं, टाळूं नये.

थेंबें थेंबें तळें सांचतें, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. या तळ्याचा विशेष हा कीं, त्यांत थेंब टाकणारा पुष्कळदां स्वतः तहानलेला होता, आणि पाणी दुसऱ्याच कोणास मिळणार हें त्याला पुरें ठाऊक होतें. टेरीचा रोग त्याच्या निधीनें बरा झाला नाहीं, आणि तो बरा होईल म्हणून त्यानें धांवावयास सुरुवातहि केलेली नव्हती. आज एखाद्या मुलास डॉक्टर सांगतात कीं, तुझा पाय वांचेल. त्या वाक्यामागें अशा अनेकांचें देणें आहे. तें फेडण्याचा मार्ग एकच, आपणहि पुढच्यासाठीं कांहीं ठेवून जाणें.